काशीत पाला पडतो

मंगला गौरीच्या गल्लीत जानेवारीतले ऊन पाहुण्यासारखे येते. उशिरा येते, एका भिंतीला टेकते आणि आपण बसा म्हणेपर्यंत उठून जाते. गच्चीवर त्या उन्हामागे खुर्ची सरकवत बसणाऱ्या बाई म्हणजे कालिंदीबाई. अंगात दोन स्वेटर, वर शाल, पायाशी निखाऱ्यांनी भरलेली मातीची बोरसी आणि मांडीवर लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप. खाली पंचगंगा घाटावर नावाडी एकमेकांना हाका मारत असतात, पण बाईंचे लक्ष तिकडे नसते. त्या मराठी लिहीत असतात.

हे लिहिणे त्यांना सोपे नव्हते. घराणे कोकणातले, पण कोकण सोडून कितीतरी पिढ्या झालेल्या. यजमान बिंदुमाधव दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्ये चालवतात. बाईंनी सारे आयुष्य मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तो हिंदीतून. पृथ्वीचा आस, समुद्राचे प्रवाह, मोसमी वारे, सगळे हिंदीतून. मराठी घरातली होती. स्वयंपाकाची, रागवण्याची, देवापुढे बसण्याची. ती त्यांच्या तोंडात होती, हातात नव्हती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावे आणि कुणीही दुरुस्त करावे, असा तो ज्ञानकोश. पगार कुणाला नाही, मालक कुणी नाही. बाईंनी आपल्या गावाचे पान उघडले. मंदिरांवर भरपूर मजकूर होता, घाटांवर होता, आणि हवामान या मथळ्याखाली एकच ओळ होती: ‘येथील हवामान उष्ण असते.’

बाईंच्या बोटांना तेव्हा थंडीने बधिरपण आले होते. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हात बोरसीवर शेकून घेतले आणि ओळीशेजारचे ‘संपादन’ हे बटण दाबले.

तिथून जे सुरू झाले ते थांबले नाही. एका ओळीचे एक पान झाले आणि पानाचा स्वतंत्र लेख झाला, ‘वाराणसीचे हवामान’. हवामान खात्याचे तक्ते शोधून बाईंनी महिन्यामहिन्याचे सरासरी तापमान भरले, पाऊस भरला. धुक्यात गाड्या कशा खोळंबतात आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणारा तापलेला वारा, लू, कसा वाहतो, तेही लिहिले. वाक्य जमले की त्या ते मोठ्याने वाचून बघत आणि बिंदुमाधव खालून विचारत, ‘‘काय म्हणालीस?’’ ‘‘तुम्हाला नाही, जगाला सांगते आहे,’’ असे उत्तर वर गच्चीवरून येई.

त्या लेखात बाईंनी दोन वाक्ये लिहिली होती: ‘पौषात येथे पाला पडतो. पाल्याने वाटाणा आणि बटाट्याचे पीक जळते.’

काशीत पाला म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. कडाक्याच्या थंडीत दव गोठते, सकाळी शेतावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे दिसते आणि कोवळी वेल काळी पडते, तो पाला. बाईंच्या घरात आजेसासूपासून सगळे असेच म्हणत आले. पण पुण्या-नाशकाच्या माणसाला पाला म्हणजे झाडाची पाने. लेखाला हात लावायला जो पहिला गृहस्थ आला, त्याने चांगल्या मनाने दुरुस्ती केली. वाक्ये अशी झाली: ‘पौषात येथे पाला गळतो. पालापाचोळा जाळल्याने वाटाणा आणि बटाट्याचे पीक जळते.’

त्यापुढे बाईंचेच एक वाक्य होते: ‘वैशाखात घाम कडक असतो, म्हणून लोक दुपारी बाहेर पडत नाहीत.’ बनारसी बोलीत घाम म्हणजे ऊन. बाईंच्या घरी पापडही घामात वाळतात.

लेख असा उभा असताना नागपूरच्या नीरजा तिथे आल्या. ज्ञानकोशावर त्या जुन्या, हवामानाच्या लेखांची निगा राखणाऱ्या. त्या हिवाळ्यात कुणीतरी हिंदी लेख यंत्राकडून भाषांतरित करून मराठीत ओतायचा सपाटा लावला होता आणि त्यांचा सगळा वेळ तो कचरा काढण्यात जात होता. पाचोळ्याने जळणारा वाटाणा आणि वैशाखातला कडक घाम पाहून त्यांना शंका उरली नाही. त्यांनी लेखाच्या डोक्यावर पाटी लावली: ‘हा मजकूर यंत्राने हिंदीतून केलेले भाषांतर आहे. आठवडाभरात सुधारणा न झाल्यास लेख वगळावा.’

बाईंनी पाटी वाचली आणि लॅपटॉप मिटला. जेवणाच्या वेळी त्यांनी घरात सांगितले. लेक ईशानी हसू दाबत म्हणाली, ‘‘आई, टेंशन मत ले ना. दुसरा लिहू.’’ बिंदुमाधवांना दाबता आले नाही.

‘‘यंत्रा, जरा वरण वाढ,’’ ते म्हणाले.

बाईंनी वरण वाढले, पण तूप वाढले नाही. शहाण्या माणसाने त्यावरून काय ते ओळखले.

लेख गेला असता तर पुन्हा ती जुनी एक ओळ उरली असती, ‘येथील हवामान उष्ण असते’. पण बाईंना टोचत होते ते वेगळेच. इतक्या पिढ्या परमुलखात राहून घराने जी भाषा जपली, ती कुणा महाराष्ट्रातल्या माणसाने वाचली आणि त्याला ती माणसाची वाटली नाही. दुपारी त्या गच्चीवर गेल्या आणि लेखाच्या चर्चापानावर लिहिले, ‘मी यंत्र नाही. मी काशीत राहते. लेख वगळू नये. काय चुकले ते एकेक सांगावे, मी एकेक दुरुस्त करीन.’ खाली फोन नंबर दिला.

पहिला फोन आला तो नीरजांचा नव्हे. तो निफाडजवळच्या ऋतुराज नावाच्या द्राक्षबागायतदाराचा होता. पाला गळवणारा गृहस्थ तोच. त्याने आधी क्षमा मागितली आणि मग विचारले, ताई, तुमचा पाला नक्की पडतो कुठून? बाईंनी सांगितले.

‘‘अहो, हे तर आमचंच दुखणं,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडे म्हणतात दव गोठलं. मी स्वतः बागेत शेकोट्या पेटवून, धूर करून घड वाचवतो. आणि तुमच्या लेखात मी पाचोळा जाळून वाटाणा मारला.’’

दोघेही हसले. त्या दिवसापासून ऋतुराज बाईंच्या बाजूने कामाला लागला. बाई एक परिच्छेद लिहीत, तो वाचून विचारी की ताई, हे कोण बोलतंय, तुम्ही की शेजारीण? शेजारीण म्हणजे हिंदी. घाम गेला आणि ऊन आले. ‘बारिश होण्याची संभावना’ होती, तिथे ‘पावसाची शक्यता’ आली. लू मात्र त्याने राहू दिली. तो वारा निफाडकडे वाहत नसला तरी नाव सगळ्यांना ओळखीचे, असे त्याचे म्हणणे पडले. बाई एकेक शब्द काढत होत्या आणि दर वेळी त्यांना वाटे, आपण घरातले एकेक भांडे मोडीत देत आहोत. पण हात थांबला नाही. चुकीचा शब्द त्या ओळखत होत्या आणि चुकीचे ठेवणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे, हेही त्यांना ठाऊक होते.

पाल्यापाशी मात्र त्या अडल्या. दव गोठते असे लिहायला त्यांची हरकत नव्हती. पण त्यापुढे एक वाक्य हवेच, असा त्यांचा हट्ट होता: ‘काशीतील मराठी घरांत याला पाला म्हणतात.’ ते त्यांनी लिहिले. नीरजांनी काढले. बाईंनी परत लिहिले. नीरजांनी परत काढले आणि त्याच दुपारी फोन केला.

बाईंचा आवाज ऐकल्यावर नीरजा जरा नरमल्या. म्हणाल्या, तुम्हाला यंत्र म्हटलं त्याबद्दल वाईट वाटतं.

‘‘मग आता माणूस म्हणून ओळखलंत?’’

‘‘ओळखलं, ताई. पण पाला हा शब्द हिंदीच आहे.’’

बाईंनी विचारले, ‘‘नीरजाताई, गोठलेल्या दवाला तुमच्या घरात काय शब्द आहे?’’

नीरजांनी आठवून पाहिले. घरात असा शब्द नव्हता, पुस्तकातला तेवढा माहीत होता.

‘‘आमच्या पूर्वजांकडेही नव्हता,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कोकणात कुठलं दव गोठतंय. ते इथे आले, पहिल्या हिवाळ्यात शेतं पांढरी झालेली पाहिली. वस्तू इथं भेटली म्हणून नावही इथलंच घेतलं. आता इतक्या पिढ्या घरात राहिलेला शब्द. तो अजून शेजारणीचाच कसा?’’

नीरजांनी सगळे ऐकून घेतले. त्या वाद घालणाऱ्या होत्या, पण ऐकणाऱ्याही होत्या.

‘‘मला पटलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझ्या पटण्यावर ज्ञानकोश चालत नाही आणि तुमच्या सांगण्यावरही नाही. छापलेलं कुठं आहे ते दाखवा. तसा संदर्भ मिळाला तर ते वाक्य मी स्वतः लिहीन. नाही मिळाला तर मात्र ते सोडून द्या. ते एक वाक्य तुम्ही असंच टाकत राहिलात, तर सगळा लेख वादात राहील आणि पाटी मला उतरवता येणार नाही.’’

बाईंना राग आला, पण नीरजांच्या म्हणण्यात खोट सापडेना. वर्गात त्या स्वतः मुलींना हेच सांगत आल्या होत्या, ‘‘किसने कहा नहीं, कहाँ लिखा है, वह बताओ.’’

त्या शोधायला निघाल्या. रामघाटावर त्यांच्या माहेरच्या नात्यातले वेदपाठशाळेचे गुरुजी होते. त्यांनी पाला शब्द ऐकून लगेच मान हलवली. आमची आईही म्हणायची, ते म्हणाले, पण हे कुणी लिहून ठेवतं का? मग बाई महाराष्ट्र समाजाच्या ग्रंथालयात गेल्या. तिथे कपाटे उघडून त्यांनी इथल्या मराठी मंडळींनी छापलेले सगळे काढले. स्मरणिका, घराण्यांचे इतिहास, यात्रेच्या माहितीपुस्तिका. काशीत मरण कसे यावे यावर कपाटभर मजकूर होता. काशीत थंडीत कसे जगतात यावर एक ओळ नव्हती. कुठल्या घराण्याला कुणी दान दिले ते होते, पण त्या घरात उन्हाला काय म्हणत आणि गारठ्याला काय म्हणत, ते नव्हते. धुळीने शिंकत बाईंनी शेवटचा गठ्ठा बांधून ठेवला. ग्रंथपाल म्हणाले, वहिनी, काही सापडलं? बाई म्हणाल्या, हो, काय नाही ते सापडलं.

छापील पाला मिळाला, पण हिंदीत. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या हिंदी पत्रकात तो दर हिवाळ्याला असायचाच. पाल्यापासून पीक वाचवा, शेताला हलके पाणी द्या, कडेने धूर करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पुन्हा गच्चीवर बसल्या. ऋतुराज फोनवर होता. त्याचे म्हणणे, ते वाक्य सरळ सोडून द्या, दव गोठते एवढे पुरे. बाई नाही म्हणाल्या. इथे येऊन कुणी शेतकऱ्याला विचारले तर तो पालाच म्हणणार. वाचणाऱ्याला तो शब्द कळलाच पाहिजे. आपल्या घरांच्या नावावर नसेल तर नसो, पण शब्द लेखात हवा.

त्यांनी लिहिले: ‘कडाक्याच्या थंडीत येथे दव गोठते. त्यामुळे वाटाणा आणि बटाट्याच्या पिकाचे नुकसान होते. गोठलेल्या दवाला हिंदीत पाला म्हणतात.’

‘हिंदीत’ या शब्दापाशी बोटे अडखळली होती. आजेसासू डोळ्यांसमोर आल्या, परसात वाटाण्याच्या दोन वेलींवर जुने लुगडे पांघरणाऱ्या, पाला पडेल गं म्हणणाऱ्या. त्या बाईला हिंदी धड बोलता येत नव्हती. तिच्या तोंडचा शब्द नातसून कागदोपत्री शेजारणीच्या हवाली करत होती. बाईंनी शाल घट्ट ओढली, खाली पत्रकाचा संदर्भ जोडला आणि जतन करण्याचे बटण दाबले.

संध्याकाळपर्यंत नीरजांनी पाटी उतरवली. चर्चापानावर लिहिले, ‘लेख ठेवावा. काशीच्या कालिंदीताईंनी लिहिला आहे.’ ऋतुराजने त्याखाली निफाडहून पाठिंबा दिला. बिंदुमाधवांनी पाटी गेल्याचे ऐकले आणि ताटावर बसल्याबसल्या विचारले, ‘‘मग आता तूप मिळेल का?’’ मिळाले.

बाईंना मात्र चैन नव्हते. चार दिवस त्या धुक्याच्या लेखावर काम करत राहिल्या. मग एका सकाळी उठून महाराष्ट्र समाजाच्या चिटणिसांकडे गेल्या. वार्षिक स्मरणिकेचे काम सुरू होते. बाईंनी विचारले, माझा लेख घ्याल? चिटणिसांना आनंद झाला. ते म्हणाले, जरूर, विषय पंचक्रोशी ठेवा, नाहीतर अन्नपूर्णेचं माहात्म्य.

‘‘विषय हवा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आपल्या घरांत उन्हाला, गारठ्याला, वाऱ्याला, पावसाला काय काय म्हणतात ते. मी घरोघर जाऊन विचारणार आहे. कुणी सांगितलं त्याच्या नावासकट छापायचं.’’

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. वाचणार कोण हे, असे त्यांना विचारायचे होते, पण समोर त्यांच्या बहिणीला भूगोल शिकवलेल्या बाई उभ्या होत्या.

ऋतुराजला त्यांनी फोनवर हा बेत सांगितला. त्याने कळकळीने सावध केले. ताई, स्वतःच लिहायचं आणि स्वतःच त्याचा संदर्भ लावायचा, हे ज्ञानकोशात चालत नाही.

‘‘मी कशाला लावू? तुम्ही लावा.’’

‘‘नीरजाताई म्हणतील, स्मरणिका हा पुरेसा भक्कम संदर्भ नाही.’’

‘‘म्हणू देत. तेव्हा त्यावर भांडू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आज भांडायला हातात कागदच नाही.’’

फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या. ईशानीने दारातून विचारले, ‘‘आई, इतक्या ठंडीत कुठे निघालीस?’’

‘‘रामघाटावर. गुरुजींच्या आईचं नाव काय होतं, ते विचारायचं राहिलं,’’ असे म्हणून कालिंदीबाई धुक्याच्या गल्लीत पायऱ्या उतरू लागल्या.