न धुतलेला फिल्टर

नवऱ्याचं घर सोडून मी भोकरदनला आई-भावाकडे परत आले, त्याच वर्षी मला शाळेत नोकरी लागली. पगारातून पहिल्यांदा स्वतःसाठी म्हणून काही घेतलं असेल, तर ती माशांची काचेची टाकी. घासून लख्ख केली, नळाचं पाणी भरलं, नवाकोरा फिल्टर लावला आणि त्याच संध्याकाळी सगळे मासे सोडले. पंधरवडाही गेला नाही, एकेक करून सगळे मेले.

शेवटचा मासा मी बाहेर काढत होते, तेव्हा वहिनी शेजारणीला म्हणाली, "हिच्या हाती काई टिकतच न्हाई."

ती माशांबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा तिघींनाही कळलं. भाऊ म्हणाला, "दे ती टाकी कुणालातरी." मी टाकी पुसली आणि बैठकीत होती तिथेच परत ठेवली.

शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई जालन्याहून बसने येत. त्यांच्या घरी उर्दू बोलत. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायचे. त्यांच्याकडे माशांची कितीतरी जुनी टाकी होती. माझी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताचा काय कसूर? टाकी कच्ची होती. माशांच्या घाणीचं पाण्यात जहर होतं. ते खाणारे बारीक जंतू जुन्या फिल्टरात वस्ती करून असतात. नव्या फिल्टरात ते कुठून येणार? माझ्याकडं दोन चालू हायत, एक घेऊन जा."

रविवारी सकाळी मी टाकीत आदल्या दिवशी काढून ठेवलेलं पाणी भरलं आणि जालना गाठलं. आपांनी त्यांच्या टाकीतून स्पंजाचा फिल्टर उचलला. काळपट, बुळबुळीत, हात लावावासा वाटू नये असा. तो त्याच टाकीच्या पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, आणि पाण्याच्या पिशवीत मॉली जातीचे थोडे छोटे मासे दिले.

"जल्दी जा. सुकू देऊ नको. नळाच्या पाण्यानं तर बिलकुल धुवू नको, त्यातल्या औषधानं जंतू मरतील. अन् मासे आजच सोड, न्हाईतर जंतू उपाशी मरतील."

बसमध्ये डब्याचं झाकण मी किलकिलं ठेवलं होतं. शेजारच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. "बाई, ते खाली तरी ठेवा." मी डबा मांडीवरून हलवला नाही.

घरी पोचले तर वहिनी दारातच उभी. "पाहुणे यायलेत. तुला बघायला. आधी ती घाण मोरीत टाक अन् साडी बदल."

मला कोणी काही विचारलंच नव्हतं. वहिनीने डबा ओढला आणि नळाखाली धरायला निघाली. मी तिचं मनगट पकडलं. "त्याला पाणी लावायचं न्हाई, वहिनी."

"अगं, किती घाणेरडा हाय!"

"असू दे."

साडी न बदलता मी बैठकीत गेले. पंपाची नळी फिल्टरला जोडली, फिल्टर टाकीत उतरवला. पाणी गढूळ झालं. मॉलींची पिशवी नुकतीच पाण्यावर ठेवली होती, तेवढ्यात पाहुणे आत आले. माझा हात कोपरापर्यंत ओला होता.

मुलाचा थोरला भाऊ खुर्चीवर बसत म्हणाला, "हे काय करून राह्यल्या?"

"टाकी लावून राह्यले."

"असले नाद आमच्याकडं चालणार न्हाईत."

"मंग मी तुमच्याकडं येणार न्हाई."

कपबशा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. पाहुणे चहा पिऊन गेले. ते रस्त्याला लागताच भाऊ माझ्यावर ओरडला, "दुसऱ्यांदा नाक कापलंस तू!"

एवढा वेळ भिंतीला टेकून बसलेली आई म्हणाली, "तिला आधी विचारलं होतं का कुणी?"

मी पिशवी सोडून मॉली टाकीत मोकळ्या केल्या.

पुढचे काही दिवस वहिनी येता-जाता टाकीत डोकावायची, कोणी वर तरंगतंय का बघायला. लाइट जायची तेव्हा पंप बंद पडायचा. मग मी किंवा आई पेल्याने पाणी उचलून वरून परत टाकीत सोडत बसायचो, म्हणजे त्यात हवा मिसळायची. पाणी निवळलं. मासे मेले नाहीत. उलट पिल्लं झाली, टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यांची. वहिनीने वाकून ती पाहिली. मी तिला काही ऐकवलं नाही, पण त्या दिवशी तिच्यासमोरून मान वर करून फिरले, हे खरं.

पुढच्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या शाळेत जागा मिळाली. एकट्या बाईला खोली कोण देणार, असं भाऊ म्हणत होता. मी खोली शोधली, टाकी नेली, आणि आई आपणहून माझ्याबरोबर आली. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मालक कुठं असतात तुमचे?"

"सोडलं मी त्यांना," मी म्हणाले. "आत या ना, मासे दाखवते."

ती क्षणभर घुटमळली, मग चप्पल काढून आत आली.