दुष्काळासाठी वळलेले लाडू

सारसोळ्याची ही कोळीण आमच्या नेरूळच्या सोसायटीत दिवसाआड मासळी घेऊन येते. प्रत्येक वाक्याला ‘खरा का नाय?’ जोडते आणि उत्तरासाठी कधीच थांबत नाही.

मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा मी नुकती साठीची, म्हणजे अगदीच अल्लड. तिथल्या कुपोषित बाळांसाठी मी महिला मंडळाकडून डबे भरभरून नाचणीचे लाडू वळून घेतले. फोटोही काढून झाले. टेम्पो संध्याकाळी निघणार होता.

तेवढ्यात मासळी घेऊन आलेल्या कोळणीनं एक लाडू उचलून दाताखाली धरला. कडकन आवाज आला.

“बाय, माजं दात हायेत म्हनून फुटला. दीड वरसाचा उपाशी पोर यो चावनार कसा? खरा का नाय?”

तिनं पाटी जिन्यात ठेवली, खलबत्ता मागितला आणि लाडू कुटायला बसली. मग आम्हीही बसलो. टेम्पोत शेवटी भुगा चढला, गरम पाण्यात कालवून चमच्यानं भरवता येईल असा. तिच्या मासळीवरचा बर्फ तोवर पार वितळला होता.

आणि मी? कुटायला बसण्याआधी तिला दोनदा हात धुवायला पाठवलं होतं. ती दोन्ही वेळा निमूट धुऊन आली.