सोवळ्यातली ठिणगी

आबासाहेब गेल्याची बातमी मला कल्याणला तारेने कळली. ती विजेनेच आणली म्हणून त्यांना हसू आलं असतं... मला मात्र रडू आलं. महिना होऊन गेला, तरी रविवार उजाडला की पाय ठाण्याकडे वळायला बघतात.

मुंबईच्या कॉलेजात ते आम्हांला पदार्थविज्ञान शिकवत; पण खरं शिकवणं चाले ते रविवारी, ठाण्यातल्या त्यांच्या पडवीत. मी आणि माझा सोबती विष्णू तिथे पडीक असू. माझ्या वडिलांना, दादांना, ही सगळी थेरं वाटत. ते ठाण्याच्या कोर्टात वकील. मला कॉलेजातून काढून कचेरीत चिकटवायचं त्यांनी ठरवलंच होतं. आबासाहेबांनी त्यांना एवढंच विनवलं, "एकदा येऊन बघा, मग खुशाल न्या मुलाला."

दादा आले त्या रविवारी तारेच्या वेटोळ्यातून ठिणगी काढून दाखवायची होती. लोखंडी गजावर तारेचे थरावर थर, आणि मध्ये रेशमाच्या पट्ट्या. "प्रत्येक थर सोवळ्यात हवा, एकाने दुसऱ्याला शिवता कामा नये," असं आबासाहेब समजावत. गुंडाळायचं काम विष्णूकडे होतं. ऐन वेळी रेशीम संपलं, तेव्हा पठ्ठ्याने घरचा रिवाज पाळला. रेशमी नसेल तर धुतलेलं ओलं धोतरही सोवळंच! त्याने ते फाडून ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. दादांसमोर ठिणगी कसली, काजवाही चमकेना. दादा उपरणं सावरत उठले.

कारण कळताच आबासाहेब खो खो हसले. "विष्णू, तुझं शास्त्र बरोबर रे! माझाच दृष्टांत लंगडा. पाणी विजेला वाट देतं, हे सांगायला मीच विसरलो." मग ते आत गेले, पूजेचा स्वतःचा पीतांबर घेऊन आले आणि टरकन फाडला. दादा "अहो, अहो!" करत मटकन खाली बसले, ते वेटोळं पुन्हा गुंडाळून होईपर्यंत हललेच नाहीत. दुपार कलली आणि निळी ठिणगी तडतडली. दादा सुपारी चघळायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आबासाहेबांकडे नवा कोरा पीतांबर पाठवला. माझं कॉलेज सुटलं नाही. आज मी तिथेच शिकवतो.

परवा काकूंना, आबासाहेबांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्यांनी पेटीतून एक रेशमी तुकडा काढला.

"तुझ्या दादांनी दिलेला पीतांबर. एकदाही नेसले नाहीत रे! दर वर्षी कुणाचं ना कुणाचं वेटोळं अडायचं, की यांनी फाडलीच पट्टी." हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि तो तुकडा माझ्या हातात ठेवला.

"हातभर उरलाय बघ. एका मुलाचं भागेल."