नववी मूठ

माणूस एकाएकी सुधारला की मला पहिली शंका येते. दूधवाल्याने माप भरून वर दोन धारा जास्त घातल्या तरी मी आधी दुधात बोट बुडवून बघते. घरातले म्हणतात, हिच्यासमोर देव उभा राहिला तरी ही त्याचं आधार कार्ड मागेल. मागेन तर! फुकटात कोण कोणाला काय देतं?

त्यामुळे माझा धाकटा दीर सुधारला तेव्हा मी कंबर कसून त्याच्या मागे लागले. आमच्या घराचा जन्माचा घोर होता तो. आमचं गाव साक्रीपासून दहा-बारा किलोमीटरवर. तो बायकोला घेऊन साक्रीला राहायचा, पिकअप चालवायचा, आठवडे बाजारांना कांदा-भाजीपाला पोचवायचा आणि हातात येईल ते पिऊन टाकायचा. एका लग्नाच्या पंगतीत त्याने आमच्या ह्यांच्या, म्हणजे सख्ख्या मोठ्या भावाच्या अंगावर गरम वरणाची बादली उलटी केली. तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद होतं.

आणि एका रविवारी दुपारी हा दारात उभा! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. ह्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "दादा, चुकलं माझं." आमचे हे लगेच रडायला लागले. मी रडले नाही. पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ गेले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. बडीशेपेचा वास आला. बडीशेप लोक कशासाठी खातात ते मला पक्कं ठाऊक आहे.

थोड्या दिवसांनी कळलं की हा आता येशूला मानतो. मी सरळच विचारलं, "भाऊ, कोणी काय दिलं तुम्हाला?" तो हसला. म्हणाला, वर डोंगरातल्या एका पाड्यावर पावसात गाडी रुतली होती, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे मुक्काम पडला. "मी पिऊन त्यांच्या अंगणात ओकलो, वहिनी. सकाळी त्या बाबाने त्यावर राख टाकली, झाडून घेतलं आणि मला नागलीची भाकर दिली. एक शब्द बोलला नाही. मला एवढी शरम आयुष्यात वाटली नव्हती. ती माणसं येशूची होती. मग मीच विचारत विचारत गेलो."

एका भाकरीवर देव बदलतो का कोणी? मी या घरात तीस वर्षं भाकऱ्या थापतेय, माझ्या भाकरीने कोणी दंतमंजनसुद्धा बदललं नाही. काहीतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ह्यांना सांगून ठेवलं.

त्याच वर्षी सासूबाई मोरीत पडल्या, खुबा मोडला आणि त्यांनी कायमचं अंथरूण धरलं. नजर आधीच गेलेली होती. दीर आठवड्यातून दोनदा यायला लागला, गुरुवारी आणि रविवारी प्रार्थना उरकून. यायचा तो बाही वर करूनच. आईला कुशीवर वळवायचा, कोमट पाण्याने अंग पुसायचा, पाठीच्या जखमांवर पावडर लावायचा आणि मळलेले कपडे घेऊन गावच्या नळावर धुवायला बसायचा. पारावरची माणसं खिदळायची. "काय रे, बाईचा जन्म घेतला का?" हा आपला साबण चोळतोय. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण तेच कपडे आठवड्याचे बाकी दिवस मी धुवायची, तेव्हा कोणी वळूनही बघायचं नाही.

सासूबाईंच्या नावावर तीन बिघे जमीन होती. मला वाटलं, मांजर डोळे मिटून दूध पितंय. एका गुरुवारी तो नळावर गेल्यावर मी त्याची पिशवी उपसली. म्हटलं, कोरा स्टँपपेपर नक्की सापडणार. सापडलं काय, तर साबण, दोन जुने पंचे, पावडरचा डबा आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक. खुणेला आत एसटीचं तिकीट घातलेलं. पुस्तक उलटं धरून झटकलं. ते तिकीट तेवढं पडलं. परत कोणत्या पानात घालायचं कळेना, घातलं कुठेतरी. तो त्याबद्दल कधीच काही बोलला नाही. त्याला कळलं नसेल असंही नाही.

घरात तो येशूचं नावसुद्धा काढायचा नाही, आणि माझी धास्ती त्यानेच वाढली. बोलला असता तर चार शब्द मीही सुनावले असते. न बोलणाऱ्याशी भांडणार कसं?

खरी भीती मला जमिनीची नव्हती. माझा एकुलता एक मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा. आयटीआय करून घरी बसलेला, तोंडात गुटखा, हातात मोबाइल, बापाशी रोज खटके. या पोराने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं. तो एका रविवारी आपण होऊन काकाची बादली धरायला उठला. पुढच्या गुरुवारी आजीची चादर पिळताना दिसला. मग गुटख्याच्या पुड्या कमी झाल्या. दुसरी कोणी आई असती तर तिने नारळ फोडला असता. मी पुढचा हिशोब मांडला. आज बादली धरतोय, उद्या काकाचा हात धरून जाईल, आणि माझं एकुलतं एक पोर माझ्या देव्हाऱ्यापासून, माझ्या सणावारांपासून, माझ्यापासूनच तुटेल. गळाला लावलेली ही बादली आहे, अशी माझी खात्री पटली.

तेवढ्यात श्रावण आला. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गोड जाड पोळ्या, ज्या गव्हाचे करायचे, तो गहू भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजायचा. पाळण्यातलं बाळ असो की परगावी गेलेला असो, त्याची मूठ पडलीच पाहिजे. मूठ पडली म्हणजे तो घरचा. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला घासही नाही.

शनिवारी मी मोजायला बसले. मुलाने पितळी पातेलं धरलं होतं. भाऊबंदांच्या चार बायका जमल्या होत्या, सासूबाई आतल्या खाटेवर. आमच्या भाऊबंदकीत नऊ पुरुष, नऊ मुठी. मी एकेकाचं नाव घेत आठ टाकल्या आणि हात झटकून उठले. देव सोडला त्याची मूठ कशाला? अन् खरं सांगायचं तर मला वाटलं, हे कळलं की तो अपमान मानून यायचा थांबेल आणि माझं पोर वाचेल. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

पण म्हातारी आतून आवाजावर मोजत होती! "एक मूठ कमी शे," ती अहिराणीत ओरडली. "कोन राहना?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेले. "भाऊंनीच सांगितलंय, आई. माझी मूठ मोजू नका म्हणाले. आता तुमचं आमचं काही नातं नाही म्हणाले."

मागे वळले तर दीर दारात उभा. आईच्या जखमा चिघळल्या म्हणून रजा घेऊन शनिवारीच आला होता, हातात परसात तापवलेल्या पाण्याची बादली. सगळं ऐकलं होतं त्याने. माझे कान तापले. आता हा बोलणार आणि माझी अब्रू वेशीला टांगली जाणार.

"खरं का रे?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. बादली खाली ठेवली. "माय, मी तुनाच शे," तुझाच आहे, एवढंच म्हणाला.

"मंग मूठ काब्र नको?"

मूठ का नको, यावर तो काही बोलला नाही. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढचे आठ दिवस तिने त्याला अंगाला हात लावू दिला नाही. "माले हात लाऊ नको," एकच धोशा. तो साक्रीहून रोज यायचा, पाणी तापवून खोलीच्या दाराशी ठेवायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. पुसायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याच्यासारखं जमायचं नाही, म्हातारी कळवळायची. संध्याकाळी पिकअपचा आवाज लांब गेला की ती हळूच विचारायची, "गया का?" मी हो म्हटलं की पदर तोंडात कोंबून रडायची.

आणि तरीही मी संशयच घेत होते बघा. हा गप्प का? राखून ठेवतोय. योग्य वेळी सगळ्यांसमोर काढेल, चांगला दामदुपटीने. मी रोज ह्यांचं तोंड बघायची, सांगितलं का याने काही? काही नाही.

नवव्या दिवशी मी गोठ्यात शेण भरत होते. भिंतीपलीकडे ओट्यावर काका-पुतणे बसले होते. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही खरं का सांगितलं नाही? मी पातेलं धरलं होतं. मला माहीत आहे."

"सांगून काय झालं असतं?"

"आजी रुसली नसती."

"नसती रुसली. पण तुझ्या आईला त्या बायकांमध्ये जन्मभर मान खाली घालून बसावं लागलं असतं. मी गुत्त्यावर पडलेला होतो तेव्हा माझ्या आईचं सगळं तिनेच केलंय. भ्याली असेल ती. तुझ्यासाठी भ्याली असेल."

"पण आजी तुम्हाला हात लावू देत नाही."

"नको लावू देऊ. पंधरा वर्षं मी तिला रडवलं. आठ दिवस मी रडलो तर काय बिघडलं?"

मुलगा म्हणाला, "पुढच्या रविवारी मी तुमच्यासोबत प्रार्थनेला येऊ?"

"आधी आईला विचार," दीर म्हणाला. "तिला न विचारता मी नेणार नाही."

शेणाची पाटी माझ्या हातातून सुटली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! वर्षभर त्याने बादल्या उचलल्या तरी माझं पोर देव्हाऱ्यापासून हललं नव्हतं. मी एक खोटं बोलले, तो एकदा गप्प बसला, आणि पोर हललं. मला इतका राग आला, इतका राग आला, की तो कोणावर काढावा हेच कळेना.

हात धुतले आणि सरळ सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले. म्हटलं, "आई, भाऊ काही म्हणाले नव्हते. मूठ मी टाकली नाही. खोटं मी बोलले."

मला वाटलं, शिव्या घालेल. तिने नुसता हात लांब केला, माझं मनगट चाचपलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग म्हणाली, "बलाव त्याले."

तो आला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि वैतागून म्हणाली, "पानी थंडं व्हई गयं." तो लगबगीने पाणी तापवायला पळाला. मी काही त्याची माफी मागितली नाही. ओठांपर्यंत आली होती, पण फुटली नाही. आलं घालून चहा तेवढा दिला.

शनिवारी मुलगा स्वयंपाकघरात आला. दारालाच टेकून म्हणाला, "आई, जाऊ का उद्या?" मला रडायला आलं आणि मी रडले. त्याच्यासमोरच रडले. मग म्हटलं, "इस्त्री करून जा. चुरगळलेल्या शर्टात जाऊ नको."

थंडीत सासूबाई गेल्या. धाकट्याच्या मांडीवर गेल्या. आता पुढचा श्रावण आला, मी पुन्हा मोजायला बसले. आतून मोजणारं कोणी नव्हतं, तरी माझे कान तिकडेच. त्याच चार बायका समोर. मी दिराच्या नावाने सव्वा मूठ टाकली, मुलाच्या नावाने टाकली, नऊ पूर्ण केल्या. त्यातली थोरली चुलत जाऊ म्हणाली, "अगं, ते दोघं रोटाला शिवणारसुद्धा नाहीत. अन् त्यानेच गेल्या वर्षी नको म्हटलं होतं ना?"

"त्याने नव्हतं म्हटलं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते."

एकीने पदर सावरला, एकीने उगीच गहू निवडले. त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात. बोलोत.

आता रोटांचं काय? ते दोघं देवीचा नैवेद्य खात नाहीत, बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. ह्यांना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी सगळं मोजून दिलेलं. राहिले कोण? मी. दोघांच्या मिळून अडीच मुठींचे रोट सकाळ-संध्याकाळ चावत बसले. चौथ्या दिवशी ते असे कडक झाले की दाढ दुखायला लागली.

रविवारी मुलगा प्रार्थनेहून आला. दीर परसात हातपाय धूत होता. मी अजूनही त्याची पिशवी चाचपून बघते, सवय काही जात नाही. मुलाने माझं ताट बघितलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि म्हणाला, "आई, आम्ही खात नाही तर आमच्या मुठी मोजतेस कशाला?"

"गप बस," मी म्हटलं. "मी खातेय ना."