वाक्याखालचं नाव

प्रेसमामांसमोर आमच्या घरात धड भांडताही यायचं नाही. आई नि अप्पा ऐन रंगात आलेले असत, आणि हे गृहस्थ हातातला डोशाचा तुकडा ताटलीत ठेवून म्हणत, "अक्का, ते मघाचं अजून एकदा म्हणा की." आई कमरेवर हात ठेवून तेच वाक्य पुन्हा म्हणायला जायची, तिचं तिलाच हसू फुटायचं आणि भांडणाची वाट लागायची. अप्पा म्हणत, हा माणूस घरात यायला लागल्यापासून मला एकदाही जिंकता आलेलं नाही.

ते नात्याने आमचे कोणी नव्हते. राज्यं नव्याने आखली गेली त्यानंतर धारवाडकडून नोकरीसाठी मैसूरला आलेले. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात, म्हणजे आमच्या भाषेत प्रेसमध्ये, संपादक होते आणि प्रादेशिक ग्रंथमाला त्यांच्याकडे होती. नवं पुस्तक निघालं की एक प्रत आमच्याकडे यायचीच. तलकाडच्या वाळूत गाडलेल्या देवळांवरचं, विड्याच्या पानांच्या मळ्यांवरचं, गावोगावच्या जत्रांवरचं. सगळी कन्नडमध्ये, सगळी जाडजूड. अप्पा मुखपृष्ठ वाचून, दोन पानं उलटून पुस्तक कपाटात ठेवत. मामांना ते चांगलं ठाऊक होतं. "राहू द्या हो, पुस्तकाला कसली घाई," म्हणत आणि कॉफी मागत.

आता आमचं सांगते. आम्ही मैसूरचे जुने मराठी, पणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेतले. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड कधी येऊन बसली कुणाला पत्ता नाही. पुण्याचं कोणी भेटलं की आम्ही सरळ इंग्रजीत शिरतो. मामांना मात्र ह्याच बोलण्याचं वेड लागलं. येलवालपर्यंतची मराठी घरं त्यांनी पालथी घातली. जुन्या प्रुफांच्या पाठीवर वाक्यं उतरवून घेत आणि ऐकताना त्यांचं तोंड लाडू खाल्ल्यासारखं होई. आई त्यांची लाडकी. आईसारखं बोलणारं माणूस सबंध मैसूरात नाही, असं ते तिच्या तोंडावर सांगत आणि आई उगीच भांडी आपटत आत जाई.

त्यांचा एक हट्ट होता. अशा अभ्यासाच्या पुस्तकांत वाक्याखाली 'एक गृहिणी, मध्यमवयीन' असं छापतात, त्याने त्यांचं डोकं फिरायचं. "कवितेखाली कवीचं नाव येतं ना? मग ह्या बाईने काय घोडं मारलंय?" आमच्या बोलीवर ते जे पुस्तक काढत होते त्यात प्रत्येक वाक्याखाली बोलणाऱ्याचं पूर्ण नाव येणार होतं, मोहल्ल्यासकट. आईला त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "घाला की. कोण वाचतंय सुम्ने." सुम्ने म्हणजे आपलं उगीच. आमच्या कपाटातल्या पुस्तकांचं काय होतं ते तिने पाहिलेलं होतं, तिचं काय चुकलं?

प्रकाशनाच्या दिवशी मामा स्वतः आमंत्रण द्यायला आले. तुमचंच पुस्तक आहे, पुढे बसायचं, असं बजावून गेले. आई ठेवणीतलं रेशमी नेसली, मल्लिगेचा गजरा माळला. अप्पा आले, त्यांची बहीण, म्हणजे आमची आत्या, हट्टाने आली. पुण्याहून आलेले एक प्राध्यापक प्रमुख पाहुणे होते. माणूस वाईट नव्हता. पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली, म्हणाले, आता ह्यातला थोडा नमुना ऐका. आणि नाटकातल्यासारखा आवाज काढून वाचलं, "अत्ते गेले तेव्हा मी स्वल्प रडले, मग सगळ्यांना कॉफी केले. सुम्ने खोटं कशाला सांगू?" मग आईचं नाव वाचलं, मोहल्ल्यासकट.

सभागृह खदखदा हसलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. अत्ते म्हणजे सासू. म्हणजे अप्पांची आई, आत्याची आई. आत्या उठली आणि रांगेतून वाट काढत निघून गेली. अप्पा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. आई हलली नाही, समोर बघत बसली. आणि मामा? ते व्यासपीठावर होते, पहिल्यांदा सगळ्यांबरोबर तेही कौतुकाने हसले होते. मग त्यांची नजर आईकडे गेली. समोर माईक होता, दोन शब्द बोलायचे होते, की ही बाई खरं बोलली आहे, हसू नका. पण त्यांना ते जमलं नाही. आभार मानून खाली बसले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते वेड्यासारखं होतं. विकायच्या राहिलेल्या सगळ्या प्रती गोदामातून मागवल्या आणि शाळेतल्या पोरासारखे खळ घेऊन बसले. प्रत्येक नावावर कागदाची पांढरी पट्टी. एक प्रत घेऊन आमच्याकडे आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आईने ते पान पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "नाव झाकलं. आत्या काय विसरणार होय?" मामांना आत या म्हटलं तर आले नाहीत. लाज वाटते अक्का, म्हणाले. त्यांनी कॉफी बाहेर उभ्यानेच घेतली.

आत्याचं नि आईचं पुढे जुळलं, नाही असं नाही. पण आईचं बोलणं बदललं. आधी परक्यांसमोर, मग आत्यासमोर, मग आमच्यासमोरही. वाक्य तोंडात घोळवून, वेचून बोलायची. नभोवाणीवरची मराठी कान देऊन ऐकायची. भांडण तर संपलंच, कारण शुद्ध मराठीत तिला भांडताच येईना. अप्पा तेवढ्याने बेजार झाले. एकदा मला म्हणाले, ह्यापेक्षा ती मला शिव्या देत होती ते बरं होतं.

मामा निवृत्त व्हायच्या बेताला एकदा आले. विभागाला पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. म्हणाले, अक्का, ह्या वेळी नीट विचारतो. नाव घालू की नको? आईने हातातली कॉफी त्यांच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "मामा, मी आता तसं बोलत नाही. माझं म्हणून ते कशाला छापता?"

एकही कन्नड शब्द नव्हता त्यात. मामांच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं असणार, कान तयार होता त्यांचा. चेहरा लालबुंद झाला. वयाने मोठे असून आईच्या पाया पडायला वाकले, आई घाबरून मागे सरकली. दुसरी आवृत्ती त्यांनी निघू दिली नाही.

ते गेल्यावर मैसूरच्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली. येणारा प्रत्येक जण सांगत होता की मामांनी आपली बोली जपली. आईला दोन शब्द बोलायला लावलं. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ते अत्यंत सज्जन गृहस्थ होते. त्यांची उणीव आम्हा सर्वांना सदैव जाणवेल." आणि बसली.

माझ्या मागे पुण्याकडून नव्याने आलेली एक बाई बसली होती. तिने वाकून माझ्या खांद्याला हात लावला आणि कौतुकाने म्हणाली, "किती शुद्ध बोलतात हो तुमच्या आई."