सायरन नको, या अटीवर

"मला काही झालेलं नाही. तुम्ही चहा घ्या आणि जा बरं," सुलभाकाकू सोफ्यावरून म्हणाल्या.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं घर, भर सकाळ, दारात ॲम्ब्युलन्स. जिना चढताना सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या म्हणून त्यांच्या सुनेने, प्राजक्ताने, नाइन वन वनला फोन केला होता. काकूंना त्याचाच राग. "आख्खी कॉलनी खिडकीत आली असेल!"

मी तेव्हा ईएमटीचं ट्रेनिंग करत होते. ईएमटी म्हणजे पेशंटला हॉस्पिटलपर्यंत सांभाळून नेणारा माणूस. डॉक्टर नव्हे. आम्ही निदान करत नाही, औषधंही मोजकीच देतो. मेडिकल स्कूलला अर्ज करण्याआधी खरे पेशंट बघावेत म्हणून मी यात शिरले. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, डॉक्टर व्हायचंय की हमाल?" स्ट्रेचर उचलून पाठ धरली की मलाही तोच प्रश्न पडायचा. पण खरं सांगते, मजा यायची.

माझी सीनियर होती डेब. ती पॅरामेडिक, म्हणजे माझ्यापेक्षा बरंच जास्त शिकलेली, इसीजी वाचू शकणारी. तिने काकूंना विचारलं, "छातीत दुखतंय?"

"नो, नो."

"दहापैकी किती?"

"वन. मे बी."

बीपी थोडं जास्त होतं. इसीजीत ठळक काही नव्हतं. अर्थात पहिल्या इसीजीत सगळं दिसतंच असं नाही. हॉस्पिटलमध्ये तपासून घेतलेलं बरं, असं डेब म्हणाली. काकू म्हणाल्या, "नो, थँक यू." पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल आणि नाही म्हणाला, की विषय संपला. आम्ही उचलून नेऊ शकत नाही.

डेब सामान आवरायला लागली. मला मात्र चैन पडेना. घरात अनोळखी माणसं आलेली, आणि ही मूळची साताऱ्याची बाई जागची हलली नव्हती. चहा टाकायला सुनेला सांगत होती. माझी आई तापाने फणफणलेली असली तरी पाहुण्यांसाठी उठते.

"डेब, मी जरा मराठीत बोलू?"

"बोल. पटकन."

मी विचारलं, "काकू, आज नाश्ता कोणी केला?"

प्राजक्ता किचनमधून म्हणाली, "मी. पोहे. दोन-तीन दिवस मीच करतेय सगळं. आईच म्हणाल्या, आता तू कर."

"आणि एरवी?"

"एरवी? मला गॅसजवळ उभं तरी राहू देतात का!"

मी काकूंच्या शेजारी बसले. "काय हो काकू, अशी कशी सत्ता सोडलीत?"

हसल्या. मग किचनकडे एक नजर टाकून आवाज खाली केला. "पोळ्या लाटायला घेतल्या की इथे जड होतं गं." त्यांचा हात डाव्या खांद्यावरून जबड्यापर्यंत गेला. "घाम सुटतो. बसलं की जातं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? पोरांच्या मीटिंगा चालू असतात. उगाच त्यांना कशाला घोर?"

काम करताना येणारं, बसल्यावर जाणारं जडपण हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये तर पुष्कळदा छातीत न दुखताच ते येतं. मी डेबला सगळं सांगितलं. तिने उचललेली बॅग खाली ठेवली.

"काकू, मी डॉक्टर नाही. पण मला भीती वाटतेय. चला ना."

प्राजक्ता दारात येऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "बरं, येते. पण सायरन लावायचा नाही. उगाच शोभा नको."

मी डेबला अट सांगितली. तिने हात पुढे केला. "डील."

ॲम्ब्युलन्समध्ये डेबने काकूंना ॲस्पिरिन चावायला दिली. वाटेत त्यांना पुन्हा घाम फुटला. डेबने दुसरा इसीजी काढला, कागद बघितला आणि ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. सायरन सुरू.

"अगं, ठरलं होतं ना आपलं!"

"काकू, इथे कोणी ओळखीचं नाही," मी म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

हॉस्पिटलला आधीच कळवलं होतं, त्यामुळे त्यांना थेट आत नेलं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट घालून उघडली. काकू वाचल्या. घरीच राहिल्या असत्या तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

वेटिंग रूममध्ये प्राजक्ता म्हणाली, "मला वाटलं, एकदाचं किचन दिलं मला. खूश होते गं मी! नवऱ्याला मेसेजसुद्धा केला." ती रडता रडता हसायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं.

बाहेर आल्यावर डेबने विचारलं, "नाश्ता कोणी केला, हा प्रश्न कुठल्या पुस्तकात आहे?" मी जाम खूश. पुढच्याच कॉलला एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरला मोठ्या ऐटीत तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मायक्रोवेव्हने." डेब हसून हसून बेजार झाली.

आता मी डॉक्टर झालेय, रेसिडेन्सी करतेय. पाठ केलेला प्रश्न दुसऱ्या घरात चालत नाही, एवढं तेव्हा कळलं. कुठे दुखतं, हे विचारावंच लागतं. पण ते सांगायला लोक संकोचतात. रोजचं कुठलं काम हल्ली सोडलंत, असं विचारलं की पटकन सांगतात.