काळी पुढे गेली

माझे बाबा टेंपो चालवतात. पळसदरीहून भाजी भरायची आणि शिळफाट्याच्या बाजारात उतरवायची, हे त्यांचं रोजचं काम. हायवेवरच्या ट्रकांना न जुमानणारा हा माणूस मांजर आडवं गेलं की मात्र ब्रेक मारतो, आणि दुसरी एखादी गाडी पुढे गेल्याशिवाय जागचा हलत नाही. जो आधी जाईल त्याला काय ते बाधेल, मागचे मोकळे. एकदा समोरूनही असाच एक टेंपोवाला थांबला. दोघं एकमेकांना हात करून "तुमी व्हा पुढं" म्हणत बसले, मांजर रस्त्याच्या मधोमध बसून पाय चाटत होतं आणि शेजारी बसलेल्या मला मोहोपाड्याच्या ऑफिसात लेट मार्क लागला.

अशा माणसाच्या घरात राहून माझा जीव जडला तो एका काळ्या मांजरीवर.

कर्जतला एक निवृत्त शिक्षिका भाड्याच्या शेडमध्ये सोडून दिलेली मांजरं सांभाळायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. दर रविवारी मी मदतीला जायचे. लोक यायचे, पिवळं, पांढरं, तीनरंगी मांजर कौतुकाने घेऊन जायचे. काळीपाशी आले की चेहरे बदलायचे. "छान आहे हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत." म्हाताऱ्यांच्या नावावर खपवलेली ही भीती बहुतेक वेळा स्वतःचीच असते, हे मला तिथे कळलं. आणि काळी तर अशी लाघवी की मी खाली बसले रे बसले, की मांडीवर चढून माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. ती मला हवी होती. बाबांना विचारायचा धीर तेवढा होत नव्हता.

मग जागेच्या मालकाने शेड रिकामी करायला सांगितली. बाई मुलाकडे राहायला निघाल्या, तिथे मांजर चालणार नव्हतं. बाकी सगळ्यांना घरं मिळाली, काळी एकटी उरली. शेवटच्या रविवारी संध्याकाळी शेडला कुलूप लागणार, आणि काळी रस्त्यावर. त्याच्या दोन दिवस आधी शिळफाट्याच्या एका काकूंनी फोनवर होकार दिला. घरात उंदीर फार झाले होते. अट एकच, रविवारी सकाळी अकराच्या आत आणा, नंतर त्या लेकीकडे जाणार होत्या. मी एवढी हरखले की मांजरीचा रंग सांगितलाच नाही. त्यांनीही विचारला नाही.

एक मांजर शिळफाट्याला सोडायचंय, एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. रविवारी ते टेंपो घेऊन शेडवर आले. भाजीच्या क्रेटवर दुसरं क्रेट उपडं बांधून मी काळीला आत बसवलं होतं.

"काळी हाय ही," बाबा म्हणाले.

"हो."

"आडवी गेली तर मी थांबतो, आन् तू तिला गाडीत बसवतेस?"

उत्तर मी आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. "गाडीत बसलेलं मांजर आडवं कसं जाईल, बाबा?"

त्यांनी डोकं खाजवलं. "ते बी खरं."

क्रेट आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि निघालो. डोलवलीच्या अलीकडे झुडपातून एक पट्टेरी मांजर निघालं आणि खुशाल आडवं गेलं. बाबांनी ब्रेक मारला. पावणेअकरा वाजत आलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मी दार उघडलं. "मी चालत जाते पुढे. मग या तुम्ही."

"तू नको," बाबा पटकन म्हणाले. मला बाधलेलं त्यांना चालणार नव्हतं. मी दार ओढून घेतलं.

मग त्यांचं लक्ष क्रेटकडे गेलं. "हिला काय बाधणार? ही सोताच काळी." त्यांनी क्रेट उचलून पुढच्या काचेला टेकवून ठेवलं, मला ते धरायला लावलं आणि गिअर टाकला. "ही आपल्या आधी जाईल."

आणि काळी खरंच आमच्या हातभर आधी गेली. मला हसू आवरेना. बाबाही हसत होते.

अकराला पाच कमी असताना काकूंनी दार उघडलं, क्रेटमध्ये डोकावलं आणि मागे सरकल्या. "अगं बाई, काळी? मला नको. निघताना दारात काळं मांजर..." चूक माझी होती, मी माफी मागितली. संध्याकाळी शेडला कुलूप, आता हिला न्यायचं कुठे?

बाबा टेंपोतून उतरून आले. माझ्या हातातून त्यांनी क्रेट घेतलं. "वैनी, हिनं आमाला वाट करून दिली," ते काकूंना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चल गं."

"कुठे?"

"घरी. आनखी कुठं?"

मी रस्त्यातच रडले, सांगायला लाज कसली. तुमच्या जवळ अशी एखादी शेड असेल तर जरूर जा, आणि कोपऱ्यातल्या काळीला आधी मांडीवर घ्या.

आता रोज सकाळी बाबा टेंपो चालू करतात आणि काळी नेमकी तेव्हाच समोरून आडवी जाते. बाबा अजूनही ब्रेक मारतात. फक्त दुसऱ्या गाडीची वाट बघत नाहीत. खिडकीतून डोकं काढून मला विचारतात, "गेली का गं नीट पलीकडं?" मी हो म्हटलं की निघतात.